सागरी मार्गावरील दीपगृहे आणि बोया : मच्छीमारांनी खुणा कशा वाचाव्यात?

उत्तरेस झाईपासून दक्षिणेस रेडीपर्यंत पसरलेली महाराष्ट्राची किनारपट्टी ७२० किलोमीटर लांबीची म्हणून ओळखली जाते. हा किनारा सरळ नाही. जागोजागी खाड्या आत शिरल्या आहेत, डोंगरांची टोके समुद्रात घुसली आहेत आणि अनेक ठिकाणी खडक पाण्याखाली दडलेले आहेत. नारळी पौर्णिमेनंतर हंगाम जोर धरतो आणि शेकडो नौका रोज या किनाऱ्यावरून ये-जा करतात. मासळी पहाटेच्या लिलावाला पोचवायची असल्याने परतीचा प्रवास बहुतेक रात्रीचाच असतो.

खोल समुद्रात नौकेला धोका कमी असतो. खरा धोका बंदराजवळच्या शेवटच्या दोन-तीन सागरी मैलांत असतो. तेथे खडक, वाळूचे दांडे, डोल जाळ्यांच्या खुंटा, नांगरलेल्या नौका आणि मोठ्या जहाजांचा मार्ग, हे सर्व एकाच ठिकाणी येते. खलाशी दमलेले असतात आणि डोळ्यांवर झोप असते. अशा वेळी किनाऱ्यावरचा दिवा व पाण्यातील बोया नेमके काय सांगतात हे तांडेलाला आले पाहिजे. एवढेच नव्हे, तर तांडेल आजारी पडला तर नौका घरी आणता यावी म्हणून ते निदान दोन खलाशांनाही यावयास हवे. आज नौकांवर काम करणारे अनेक तरुण समुद्राकाठी वाढलेले नसतात. त्यांच्यासाठी ही माहिती अधिकच उपयोगी आहे.

समुद्रावरील खुणांची गरज

घाटावरील वाचकांना हे एका उदाहरणाने सहज समजेल. अकोल्याहून वाशीमकडे जाताना पातूर सोडले की डोंगराळ रस्ता लागतो आणि पुढे मेडशी येते. रात्रीच्या वेळी या रस्त्यावरून जाणाऱ्याला किलोमीटरचा दगड अंतर सांगतो, वळणाची पाटी सावध करते, पुलाच्या कठड्यावरचे पांढरे-काळे पट्टे कडा दाखवतात आणि गावातले दिवे मेडशी आल्याचे सांगतात. रस्ता चुकला तर गाडी थांबवून कोणाला विचारता येते. समुद्रावर यातले काहीच नसते. पाणी सगळीकडे सारखेच दिसते. वारा व प्रवाह नौकेला न कळत बाजूला नेतात आणि इंजिन बंद केले तरी नौका जागेवर राहत नाही. रस्त्यावर जे काम दगड आणि पाट्या करतात, ते समुद्रावर दीपगृहे, बोया, खडकावरचे खांब आणि आता उपग्रह व रेडिओ यांवर चालणारी साधने करतात.

पूर्वीचे कोळी बांधव किनाऱ्यावरील डोंगर, देऊळ, माड यांच्या खुणा एकमेकींशी जुळवून आपली जागा ठरवीत. ही पद्धत अजूनही उत्तम आहे. परंतु ती दिवसा आणि स्वच्छ हवेतच चालते. रात्रीसाठी दिवाच हवा.

दीपगृहांची व्यवस्था कोणाकडे?

आपल्या किनाऱ्यावरील दीपगृहे बरीच जुनी आहेत. अलिबागजवळच्या खांदेरी बेटावरील दीपगृह १८६७ सालचे, तर मुंबईत कुलाब्याच्या दक्षिण टोकापुढील खडकावरचे प्रॉंग्ज दीपगृह १८७५ सालचे आहे. जयगडचे दीपगृह १९३२ मध्ये सुरू झाले. याशिवाय कोर्लई, दाभोळ खाडीच्या मुखाजवळील टोळकेश्वर, रत्नागिरी, देवगड आणि वेंगुर्ल्यासमोरील खडक येथील दीपगृहे मच्छीमारांच्या नेहमीच्या परिचयाची आहेत.

सुरुवातीला या दीपगृहांत तेलाच्या वाती जळत. नंतर रॉकेलची वाफ जाळणारे दिवे आले, मग विजेचे आले आणि आता बहुतेक ठिकाणी सौरऊर्जेवर चालणारे एलईडी दिवे बसत आहेत. दिवा लहान असला तरी त्याचा प्रकाश दूर जातो तो भिंगामुळे. फ्रान्समधील फ्रेनेल या शास्त्रज्ञाने १८२० नंतरच्या काही वर्षांत काचेच्या अनेक पट्ट्यांचे भिंग तयार केले. चारी बाजूंना विखुरणारा प्रकाश त्यामुळे एका दिशेत गोळा होऊन क्षितिजाकडे जातो. भिंग फिरत राहिले की दूरच्या नाविकाला ठरावीक वेळाने झोत दिसतो.

दूरच्या सागरी वाहतुकीस उपयोगी पडणारी मुख्य दीपगृहे केंद्र सरकारच्या दीपगृह व दीपनौका महासंचालनालयाकडे आहेत. त्याचे मुख्यालय नोएडा येथे असून मुंबईत कार्यालय आहे. बंदराच्या किंवा खाडीच्या आतील दिवे व बोया ही त्या त्या बंदराची जबाबदारी असते. लहान बंदरांसाठी हे काम १९९६ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. पूर्वी या कामासाठी १९२७ चा दीपगृह कायदा होता. त्याच्या जागी २०२१ मध्ये नवा कायदा आला आणि दीपगृहांबरोबर रेडिओ व उपग्रहाधारित साधनेही त्याच्या कक्षेत आली. खर्चाचा मोठा भाग बंदरात येणाऱ्या व्यापारी जहाजांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून भागवला जातो.

दिवा ओळखावा कसा?

किनाऱ्यावर दिवे पुष्कळ दिसतात. त्यातला दीपगृहाचा कोणता आणि तो कोणत्या गावचा, हे ओळखण्यासाठी प्रत्येक दीपगृहाला स्वतंत्र ‘चाल’ दिलेली असते. नकाशावर व दीपगृहांच्या यादीत ही चाल लिहिलेली असते. तिच्यात तीन गोष्टी पाहाव्यात.

(१) रंग : पांढरा, लाल की हिरवा.

(२) झोतांची संख्या : एकेकटा झोत, की दोन-तीन झोतांचा गट.

(३) आवर्तन : एक गट सुरू झाल्यापासून पुढचा गट सुरू होईपर्यंतचे सेकंद.

समजा, एका दीपगृहाची चाल ‘पांढरे दोन झोत, १५ सेकंद’ अशी आहे. पहिला झोत दिसताच घड्याळ सुरू करावे. दुसरा झोत दिसेल, नंतर अंधार होईल आणि पुन्हा पहिला झोत दिसेल. त्या क्षणी १५ सेकंद झाले असतील तर दिवा तोच. नौका लाटेवर हलत असल्याने एखादा झोत हुकू शकतो. म्हणून तीन वेळा मोजल्याशिवाय निर्णय घेऊ नये. हातघड्याळ नसेल तर अंदाजाने न मोजता मोबाइलमधील घड्याळ वापरावे.

शेजारच्या दोन दीपगृहांच्या चाली मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या असतात. आपल्या बंदराच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील दोन-दोन दीपगृहांच्या चाली अद्ययावत यादीवरून किंवा बंदर कार्यालयातून लिहून घ्याव्यात आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुकाणूजवळ लावावा. चाली कधी कधी बदलतात. म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीस हा कागद तपासून घ्यावा.

दिवसा दीपगृह त्याच्या आकारावरून आणि रंगाच्या पट्ट्यांवरून ओळखता येते. म्हणूनच हे मनोरे उभे-आडवे पट्टे देऊन रंगवतात. हे रंग शोभेसाठी दिलेले नसतात.

दिवा किती दुरून दिसतो?

पृथ्वी गोल असल्याने दिवा कितीही प्रखर असला तरी ठरावीक अंतरापलीकडे तो क्षितिजाखाली जातो. हे अंतर दोन उंचींवर अवलंबून असते : दिव्याची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांची पाण्यापासूनची उंची. हिशेब सोपा आहे. दोन्ही उंचींची मीटरमध्ये वर्गमुळे काढावीत, त्यांची बेरीज करावी आणि तिला २.०८ ने गुणावे. उत्तर सागरी मैलांत येते. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर.

उदाहरणार्थ, दिवा ३६ मीटर उंचीवर आहे आणि तांडेलाचे डोळे पाण्यापासून सव्वादोन मीटरवर आहेत. ३६ चे वर्गमूळ ६ आणि २.२५ चे दीड. बेरीज साडेसात. तिला २.०८ ने गुणले की १५.६ सागरी मैल, म्हणजे सुमारे २९ किलोमीटर. स्वच्छ हवेत व पुरेशा प्रखर दिव्याबाबत हे अंतर समजावे. दिवा मुळात कमी शक्तीचा असेल, किंवा धुके, पाऊस वा धुरकट हवा असेल, तर तो बराच जवळ आल्यावर दिसतो. ‘दिवा दिसत नाही, म्हणजे आपण अजून दूर आहोत’ असे समजणे ही प्राणघातक चूक ठरू शकते.

दिव्यावरून अंतर काढण्याच्या दोन रीती

पहिली रीत : रात्री दीपगृहाचा दिवा क्षितिजावर प्रथम दिसताच उभ्या माणसाने खाली बसून पाहावे. बसल्यावर दिवा नाहीसा झाला आणि उठल्यावर पुन्हा दिसला, तर तो क्षितिजाच्या कडेवर आहे. म्हणजे वर काढलेल्या हिशेबाइतके अंतर आपल्यात व दीपगृहात आहे. बसल्यावरही दिवा स्वच्छ दिसत असेल, तर आपण त्याहून जवळ आलो आहोत.

दुसरी रीत : नौका एका दिशेने व एकाच वेगाने चालू ठेवावी. दीपगृह नौकेच्या पुढील टोकापासून ४५ अंशांवर आले की वेळ लिहावी. ते बरोबर आडवे, म्हणजे ९० अंशांवर आले की पुन्हा वेळ लिहावी. या दोन वेळांत नौकेने जेवढे अंतर कापले, तेवढेच अंतर आडवे आलेल्या क्षणी आपल्यात व दीपगृहात असते. नौका ताशी ६ सागरी मैलांनी चालली आणि मध्ये अर्धा तास गेला, तर दीपगृह ३ सागरी मैलांवर आहे. प्रवाह जोराचा असेल तर या उत्तरात फरक पडतो. म्हणून किनाऱ्यापासून अंतर थोडे जास्तच ठेवावे.

दोन दीपगृहे एकाच वेळी दिसत असतील तर काम आणखी सोपे होते. होकायंत्राने दोघांची दिशा घेऊन नकाशावर दोन रेषा ओढाव्यात. त्या जेथे छेदतात तेथे आपली नौका आहे. मात्र होकायंत्राजवळ मोबाइल, ध्वनिक्षेपक किंवा लोखंडी हत्यार ठेवू नये. त्यामुळे सुई खोटी दिशा दाखवते.

बोया आणि खडकावरील खुणा

बोयांचे रंग व आकार आंतरराष्ट्रीय पद्धतीने ठरलेले आहेत. या पद्धतीत जगाचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन विभाग असून भारत ‘अ’ विभागात येतो. अमेरिका खंड, जपान, कोरिया व फिलिपाईन्स येथे लाल-हिरव्याचा नियम उलटा आहे. म्हणून परदेशी जहाजावर काम करून आलेल्या खलाशाने घरच्या खाडीत गोंधळ होऊ देऊ नये.

मार्गाच्या कडा : समुद्रातून बंदरात किंवा खाडीत शिरताना लाल बोया आपल्या डाव्या हाताला व हिरवा उजव्या हाताला ठेवावा. लाल बोया डब्यासारखा, तर हिरवा शंकूसारखा असतो. रात्री त्यांवर त्याच रंगाचा दिवा असतो. बाहेर जाताना अर्थातच बाजू उलट होतात.

चार दिशांच्या खुणा : एखाद्या खडकाच्या किंवा उथळ जागेच्या कोणत्या बाजूने जावे हे या पिवळ्या-काळ्या खुणा सांगतात. ‘उत्तर’ खूण दिसली की तिच्या उत्तरेकडून जावे, ‘पूर्व’ दिसली की पूर्वेकडून जावे. डोक्यावर दोन काळे शंकू असतात. उत्तरेचे दोन्ही शंकू टोके वर करून आणि दक्षिणेचे टोके खाली करून असतात. पश्चिमेचे दोन शंकू टोकाला टोक लावलेले, म्हणजे डमरूसारखे दिसतात. पूर्वेचे बुडाला बूड लावलेले असल्याने शंकरपाळीसारखे दिसतात. शंकूची टोके जिकडे असतात तिकडे बोयावर काळा रंग असतो, हेही ध्यानात ठेवावे.

रात्री या चारही खुणांवर पांढरा, लवकर लवकर लुकलुकणारा दिवा असतो. तो घड्याळाच्या तबकडीवरून लक्षात ठेवावा. तबकडीवर पूर्वेला ३ असतात, तर दिवा ३ वेळा लुकलुकतो. दक्षिणेला ६, तर ६ वेळा लुकलुकून शेवटी एक लांब झोत. पश्चिमेला ९, तर ९ वेळा. उत्तरेला तो अखंड लुकलुकत राहतो.

एकटा खडक : काळा खांब किंवा बोया, त्यावर लाल पट्टा आणि डोक्यावर दोन काळे गोळे. रात्री पांढरा, दोन-दोन झोतांचा दिवा. धोका नेमका याच्याखाली असतो. भोवती पाणी मोकळे असले तरी जवळून जाऊ नये.

सुरक्षित पाणी : लाल-पांढरे उभे पट्टे व वर एक लाल गोळा. भोवती खोल पाणी असते. बंदराच्या मार्गाची सुरुवात दाखवण्यास ही खूण वापरतात.

खास खूण : पूर्ण पिवळा बोया, वर फुलीचा आकार. पाण्याखालील नळ, केबल किंवा विशेष क्षेत्र दाखवण्यासाठी. अशा ठिकाणी नांगर टाकू नये व जाळे ओढू नये.

नुकतीच बुडालेली नौका : निळे-पिवळे उभे पट्टे आणि निळा-पिवळा आळीपाळीने दिसणारा दिवा. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली. कंटेनर समुद्रात पडले आणि बंदराची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. नेहमीचा, पाठ झालेला मार्गही एका दिवसात धोक्याचा होतो, हे त्यावरून दिसून येते. म्हणून निघण्यापूर्वी बंदर कार्यालयातील सूचना वाचून निघावे.

खाडीच्या तोंडातून आत येताना

आपल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात. पावसाळ्यानंतर ते जागा बदलतात. त्यामुळे मे महिन्यातील वाट ऑगस्टमध्ये तशीच असेल असे नाही. हंगामातील पहिली फेरी दिवसा, भरतीच्या वेळी आणि वाव टाकून खोली मोजत करावी. बोया वाहून गेला आहे की जागेवर आहे, हेही त्या वेळी पाहून घ्यावे.

भरती-ओहोटीतील फरक दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जातो. मुंबईला उधाणाच्या वेळी तो चार मीटरहून अधिक असतो. पूर्ण भरतीला ज्या खडकावरून नौका सहज जाते, तोच खडक ओहोटीला उघडा पडतो. ओहोटीचे पाणी जोरात बाहेर पडत असताना समोरून वारा व लाट येत असेल तर तोंडाशी लाटा फुटतात. अशा वेळी आत शिरण्याची घाई करू नये. बाहेर खोल पाण्यात थांबून भरती लागू द्यावी. लिलाव एक दिवस चुकला तर नुकसान होते खरे, परंतु ते पुढच्या फेरीत भरून निघते.

काही बंदरांत ‘जोडदिवे’ असतात. एक दिवा पुढे व खाली, दुसरा मागे व उंच. दोन्ही दिवे एकावर एक उभ्या रेषेत दिसले की नौका मार्गाच्या मध्यावर आहे असे समजावे. वरचा दिवा खालच्या दिव्याच्या डावीकडे दिसू लागला तर नौका मार्गाच्या डाव्या बाजूला सरकली आहे, म्हणून ती उजवीकडे घ्यावी. वरचा दिवा उजवीकडे दिसला तर डावीकडे घ्यावी. थोडक्यात, खालचा दिवा जिकडे दिसेल तिकडे वळावे. गावातही ही सोय स्वतः करता येते. मच्छीमार सहकारी संस्थेने बंदर निरीक्षकांच्या संमतीनेच असे दोन खांब उभारावेत. मन मानेल तेथे दिवे लावल्यास परक्या नौकेची दिशाभूल होते.

आपल्या नौकेचे दिवे

दुसऱ्याला दिसणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. चालत्या नौकेच्या डाव्या बाजूस लाल, उजव्या बाजूस हिरवा, डोलकाठीवर पुढे प्रकाश टाकणारा पांढरा आणि मागे पांढरा दिवा असावा. १२ मीटरपेक्षा लहान यांत्रिक नौकेस बाजूच्या दिव्यांबरोबर चारी बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा चालतो. ट्रॉलने मासेमारी करताना चारी बाजूंनी दिसणारा हिरवा दिवा वर व पांढरा त्याखाली लावावा. इतर जाळ्यांनी मासेमारी करताना लाल वर व पांढरा खाली. जाळे नौकेपासून १५० मीटरहून दूर पसरले असेल तर त्या बाजूला आणखी एक पांढरा दिवा दाखवावा.

समोरून लाल व हिरवा दोन्ही दिवे एकदम दिसले तर ती नौका थेट आपल्यावर येत आहे. यांत्रिक नौकांनी अशा वेळी दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळावे. मोठ्या जहाजाच्या मार्गात मात्र नियमावर हवाला ठेवून थांबू नये. ठरावीक खोल मार्गातून जाणाऱ्या जहाजाला वळायला जागा नसते व थांबायला बरेच अंतर लागते. अरुंद मार्गात मासेमारी करणाऱ्या नौकेने अशा जहाजाला अडथळा करू नये असाच आंतरराष्ट्रीय नियम आहे.

बॅटरी वाचवण्यासाठी दिवे बंद ठेवण्याची सवय काही ठिकाणी आढळते. ती ताबडतोब सोडावी. एलईडी दिव्यांना वीज फारच कमी लागते. याउलट डेकवर झगझगीत दिवे लावून चालणेही घातक आहे. त्यांच्या उजेडात आपले लाल-हिरवे दिवे दिसत नाहीत आणि तांडेलाचे डोळे दिपतात. अंधाराला डोळे पूर्ण सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात.

जीपीएस असताना दिव्यांची गरज काय?

असा प्रश्न तरुण तांडेल विचारतात. जीपीएस हे उत्तम साधन आहे, परंतु ते तुमची जागा सांगते. समोर नांगरलेली होडी किंवा सरकलेला दांडा सांगत नाही. बॅटरी उतरली, तार गंजली किंवा पाणी शिरले की ते बंदच पडते. शिवाय पुढील चुका नेहमी होतात.

पहिली चूक आकडे लिहिण्याची. १७ अंश ३०.५० मिनिटे आणि १७ अंश ३० मिनिटे ५० सेकंद या दोन वेगळ्या जागा आहेत. अर्धे मिनिट म्हणजे ३० सेकंद. या दोन जागांत २० सेकंदांचा, म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे ६०० मीटरचा फरक पडतो. खडक चुकवण्यासाठी किंवा खडकावर जाण्यासाठी एवढे अंतर पुरेसे आहे. दुसऱ्याकडून आकडे घेताना ते कोणत्या पद्धतीचे आहेत हे विचारून घ्यावे.

दुसरी चूक सरळ रेषेची. मासेमारीच्या जागेपासून बंदरापर्यंत यंत्र सरळ रेषा दाखवते. ती टोकावरून किंवा खडकावरूनही जात असते. म्हणून वळणाच्या जागा दिवसा प्रत्यक्ष जाऊन यंत्रात नोंदवाव्यात.

आता उपग्रहाद्वारे संदेश देणारी साधनेही आली आहेत. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे नौका दळणवळण व साहाय्य प्रणालीचा देशव्यापी शुभारंभ झाला. तिच्यात तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना आहे. ते बंद करून ठेवू नये. व्हीएचएफ संच असल्यास तो १६ क्रमांकाच्या वाहिनीवर सतत चालू ठेवावा. समुद्रात संकट आल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनी क्रमांक आहे. मात्र मोबाइलला किनाऱ्यापासून दूर संपर्क मिळत नाही, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

खुणांची निगा आपल्याही हाती

बोयावरील सौरपट्टी किंवा बॅटरी चोरीला जाणे, बोयाला नौका किंवा जाळे बांधणे, खांबाला नौकेची धडक लागूनही न कळवणे, अशा प्रकारांनी दिवे बंद पडतात. बोयाला नौका बांधली की त्याचा नांगर सरकतो. मग दिवा चालूच राहतो, पण चुकीची जागा दाखवतो. बंद दिव्यापेक्षा असा दिवा अधिक घातक, कारण त्यावर सर्व जण विश्वास ठेवतात. खुणांची नासधूस हा कायद्याने गुन्हा आहेच. परंतु त्या रात्री त्या मार्गाने येणारी नौका आपल्याच वाडीतील असू शकते.

दिवा बंद, मंद किंवा जागेवरून हललेला दिसल्यास चार गोष्टी लिहून घ्याव्यात : तारीख व वेळ, दिव्याचे किंवा बोयाचे नाव, आपली जागा आणि नेमके काय दिसले. ही माहिती बंदर निरीक्षक किंवा मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्यांना द्यावी आणि मच्छीमार संस्थेच्या फलकावरही लिहावी. किनाऱ्यावरील हॉटेल, मंदिर किंवा धक्का यांवरचे प्रखर दिवे समुद्राकडे रोखलेले असतील तर ग्रामपंचायतीने ते जमिनीकडे वळवून घ्यावेत. त्यांच्या झगमगाटात खाडीचा छोटा हिरवा दिवा हरवून जातो.

धरणांच्या जलाशयात मासेमारी करणाऱ्यांसाठी

मेडशीसारख्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या भागातील वाचकांनाही यातून घेण्यासारखे आहे. विदर्भातील जलाशयांत बुडालेली झाडे, जुन्या विहिरींचे कठडे व बांध असतात. पाणी उतरू लागले की ते पृष्ठभागाच्या जवळ येतात आणि लहान होडीचा तळ त्यांवर फुटतो. उन्हाळ्यात पाणी कमी असताना मत्स्य सहकारी संस्थेच्या सभासदांनी अशा जागा पाहून ठेवाव्यात. धरणाच्या अधिकाऱ्यांना विचारून त्या जागी दगडाचा नांगर व लांब दोरी लावून हवाबंद प्लास्टिकचे डबे तरंगत सोडावेत. त्यांना काळा रंग व मध्ये लाल पट्टा द्यावा, आणि परावर्तक पट्टी चिकटवावी. टॉर्चच्या उजेडात ती चमकते. दोरी भरलेल्या जलाशयाच्या खोलीपेक्षा थोडी अधिक ठेवावी. आखूड दोरीमुळे पावसाळ्यात डबा पाण्याखाली जातो. होडीवर एक पांढरा दिवा व प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असावे. उतरण्याच्या जागी सायंकाळी एक कंदील किंवा सौरदिवा ठरावीक उंचीवर लावावा आणि ती जागा बदलू नये.

थोडक्यात महत्त्वाचे

१) जवळच्या चार दीपगृहांच्या चाली लिहून सुकाणूजवळ लावा व दिवा तीन वेळा मोजल्याशिवाय ओळखला असे समजू नका.

२) आत येताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे.

३) दिशांच्या खुणा घड्याळावरून लक्षात ठेवा : पूर्व ३, दक्षिण ६, पश्चिम ९, उत्तर अखंड.

४) जीपीएस, होकायंत्र, खोली आणि दिवा यांपैकी निदान दोन साधने एकच गोष्ट सांगत असतील तरच पुढे जा. ती जुळत नसतील तर वेग कमी करा व खोल पाण्याकडे वळा.

५) नौकेचे दिवे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत चालू ठेवा. निघण्यापूर्वी बॅटरी, सुटे बल्ब, टॉर्च व संकटकाळचे लाल प्रकाशबाण तपासा.

६) बंद किंवा सरकलेल्या दिव्याची खबर त्याच दिवशी द्या.

७) या खुणा नौकेवरील निदान दोन खलाशांना शिकवा. पावसाळी बंदीच्या काळात जाळी विणताना रोज अर्धा तास दिला तरी हंगाम सुरू होण्यापूर्वी हे सर्व सहज पाठ होते.